गव्हर्नरसाहेबांची थोरली बहीण

साताऱ्याहून निघण्यापूर्वी सामानाचं वजन दोनदा केलं आणि दोन्ही वेळा ते जास्तच भरलं. भाजणी आणि मेतकूट कमी करायला ही तयार नव्हती, आणि मुद्रितं कमी करायला मी तयार नव्हतो. मुद्रितं म्हणजे आमच्या कुलवृत्तांताची, छापखान्यातून तपासायला आलेली पानं. कुळातल्या यच्चयावत घरांची माहिती आणि वंशावळ एका ग्रंथात आणायचं काम चार वर्षं चाललं होतं आणि मी त्याचा संपादक होतो. जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली निम्मी नकला विभागात आणि निम्मी रेकॉर्डात, तेव्हा कागद परक्याच्या हाती सोपवणं मला जमत नाही. शेवटी पानांचा तो गठ्ठा मी हातातल्या पिशवीत घेतला आणि मुंबईपासून ॲमस्टरडॅमपर्यंत पायांशी धरून बसलो.

विमानतळावर रांगेत उभे असताना ही हळूच म्हणाली, "तिकडे गेल्यावर ते मधुराचं पान तेवढं तिच्या नजरेला पडू देऊ नका."

मधुरा ही आमची एकुलती एक मुलगी. लायडनच्या विद्यापीठात शिकायला म्हणून गेली आणि तिथल्याच सायन्स पार्कमधल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. जावई निनाद कॉम्प्युटरवाला, रोज उइटहॉर्न गावी कामाला जातो. त्यांची मुलगी सई, वय वर्षं पाच. ग्रंथात मात्र एवढं काही लिहिलेलं नव्हतं. आमच्या समितीचा नियम असा होता की मुलीची नोंद वडिलांच्या नोंदीखाली एका ओळीत करावी, आणि पुढचा विस्तार तिच्या सासरच्या कुलवृत्तांतात पाहावा. ज्याला मुलगा नाही त्याच्या चौकटीखाली एक आडवी रेघ ओढायची, म्हणजे ती शाखा तिथे संपली. नियमाचा मसुदा माझा होता. माझ्या स्वतःच्या चौकटीखालची रेघही मीच ओढली होती, पट्टी लावून, काळ्या शाईने. नियम म्हणजे नियम, असं मला तेव्हा वाटत होतं. उलट स्वतःलाही सूट दिली नाही याचा थोडा अभिमानच होता.

ही गोष्ट २००६ सालच्या मे महिन्यातली. विमानतळाच्या पोटातूनच आगगाडी निघते आणि पंधरा-वीस मिनिटांत लायडनला पोचवते. खिडकीतून पाहिलं तर जमीन पाटावर लाटलेल्या पोळीसारखी सपाट, मध्ये मध्ये पाण्याचे सरळ चर, आणि गाई आपापल्या चरत होत्या. त्यांच्यामागे कोणी गुराखी दिसेना. एका ठिकाणी तर कालव्याचं पाणी शेताच्या वर होतं आणि त्या पाण्यावरून एक नाव चालली होती. मी हिला उठवून दाखवलं. ती म्हणाली, फुटलं तर काय करतात, आणि पुन्हा डोळे मिटून बसली.

स्टेशनवर सई निनादच्या खांद्यावरून उतरली आणि धावत येऊन हिच्या कमरेला बिलगली. मी मराठीत विचारलेलं तिला सगळं कळत होतं, पण उत्तर डचमध्ये येई. पहिले दोन दिवस आमचं संभाषण म्हणजे दोन वेगवेगळ्या दाव्यांची सुनावणी एकाच वेळी चालावी तसं होतं. तिसऱ्या दिवसापासून तिला माझी दया आली असावी, कारण ती बोट दाखवून बोलायला लागली.

घर अरुंद, उभं, आणि जिना इतका चढ की पहिल्या दिवशी मी तो हात टेकूनच चढलो. खाली जिन्याजवळच्या संडासात गेलो तर समोर भिंतीवर कॅलेंडर. त्यात वार नव्हते, साल नव्हतं, नुसत्या महिन्यांच्या तारखा, आणि तारखांपुढे मधुराच्या अक्षरात देवनागरीत नावं. जुलैच्या पानावर माझंही नाव होतं. मी तसाच बाहेर आलो आणि म्हटलं, अगं, माणसांची नावं कुणी अशा जागी लावतं का? मधुरा हसली. म्हणाली, इथे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर तिथेच असतं, रोज एकदा तरी नजर जाते आणि कोणाचा वाढदिवस विसरत नाही. मला ते काही पटलं नाही. जागा खटकली ती इतकी की नावं कोणाकोणाची आहेत ते मी नीट वाचलंदेखील नाही.

आठवडाभरातच मी एकटा दुकानात जायला लागलो. पहिल्याच फेरीत दुधाचा म्हणून जो पुडा आणला तो कार्नेमेल्कचा (ताकाचा) निघाला आणि चार कप चहा फाटला. हिने न बोलता उरलेल्याची कढी केली. ती इतकी झकास झाली की वाटीभर शेजारच्या बाईंकडे पाठवायची ठरली. वाटी घेऊन मी निघालो आणि माझ्या बोटाला धरून सई.

शेजारच्या बाई म्हणजे मेफ्राउ (बाई) योहाना, ऐंशी उलटलेल्या, सडसडीत, एकट्या. मधुराला प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला की सई त्यांच्याकडे असे आणि त्यांना ओमा (आजी) म्हणे. मी संध्याकाळी सहाच्या सुमाराला दार वाजवलं. हातात काटा घेऊनच त्यांनी दार उघडलं, कारण जेवण चालू होतं. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येत होतं. वाटी घेऊन आभार मानून त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि मला उद्या सकाळी साडेदहाची वेळ दिली. कढी पोचवायला तारीख मिळते हे मी प्रथमच पाहत होतो. पण कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाने तारखेला नाक मुरडू नये. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेदहाला मी हजर झालो.

कढी त्यांना आवडली होती. त्यात कोणती सूप पावडर असते असं त्यांनी विचारलं. कॉफी झाली. मग मला हात धुवायला जावं लागलं, आणि तिथे पुन्हा भिंतीवर कॅलेंडर. या वेळी मी वाचलं. काही नावांपुढे लहानसा क्रूस होता, म्हणजे ती माणसं गेलेली. सप्टेंबरच्या पानावर एक नाव होतं आल्त्ये, आणि ऑक्टोबरमध्ये कोर्नेलिस, दोघांच्याही पुढे जन्मसाल एकोणिसाव्या शतकातलं. इतक्या जुन्या माणसांचे वाढदिवस अजून कोण पाळतं म्हणून बाहेर येऊन मी विचारलं, आणि माझ्या प्रवासातला खरा प्रवास तिथून सुरू झाला.

आल्त्ये ही योहानाबाईंची पणजी. कोर्नेलिस तिचा धाकटा भाऊ. देशाच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातलं ते गरीब शेतकऱ्याचं कुटुंब. आईबाप तीन मुलगे घेऊन बोटीने अमेरिकेला गेले आणि सोळा वर्षांची आल्त्ये एका वाड्यावर कामाला होती, ती मागे राहिली. पुन्हा त्यांच्यातल्या कोणाचीच तिची भेट झाली नाही. कोर्नेलिस तिकडे शिकला, वकील झाला, न्यायाधीश झाला, आणि शेवटी मोठ्या तळ्यांच्या बाजूच्या एका राज्याचा गव्हर्नर झाला. त्याचं चरित्र आणि घराण्याची माहिती असलेला एक जाडजूड ग्रंथ त्याच्या पणतूने अमेरिकेत छापला होता. योहानाबाईंनी तो माझ्यापुढे ठेवला. मागच्या पानांवर भली मोठी वंशावळ होती. बाप, तीन मुलगे आणि त्यांची फळं-फांद्या. आल्त्ये त्यात कुठेच नव्हती.

तो पणतू महिन्याभराने त्या खेड्यात येणार होता. चर्चच्या भिंतीवर गव्हर्नरसाहेबांच्या नावाचा दगड बसवायचा होता, आणि घराण्यातल्यांना आमंत्रणं गेली होती. योहानाबाईंनी त्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अगदी नम्र होतं, पण त्यात विचारलं होतं की आपण वंशावळीत नेमक्या कुठे येता ते कळवाल का. बाई मला म्हणाल्या की आमंत्रणाचं काही नाही, त्या गावाला मी कधीही बसने जाऊ शकते. पण माझ्या आईने आणि आजीने दर नव्या कॅलेंडरवर ही दोन नावं उतरवून घेतली, आणि माझ्यानंतर उतरवून घेणारं कोणी नाही. माझ्या हयातीत पणजीचं नाव तिच्या भावांच्या शेजारी लागलेलं मला बघायचंय.

पुरावा होता. पत्र्याच्या डब्यात भावाची बहिणीला आलेली पत्रं होती. सुरुवातीची डचमध्ये, ती बाईंनी वाचली होती. पुढे कोर्नेलिस डच विसरला आणि इंग्रजीत लिहायला लागला. ती पत्रं गावचा मास्तर आल्त्येला वाचून दाखवी. त्याच्यानंतर कोणाला ते वळण लागेना आणि शंभरएक वर्षं ती न वाचता पडून होती. बाईंनी एक पत्र माझ्या हातात दिलं. लांबट, तिरपी, एकात एक गुंतलेली अक्षरं, पान भरलं की कागद आडवा करून त्याच्यावरूनच पुढचा मजकूर. पण मी साहेबाच्या काळातल्या निकालपत्रांच्या नकला करत म्हातारा झालेला माणूस. ते अक्षर पाहून मला एकदम आपल्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं. मी मोठ्याने वाचायला लागलो. बाई खुर्ची ओढून जवळ आल्या. हातातली कॉफी तशीच गार झाली.

त्यानंतर रोज साडेदहाला माझी तारीख असे. दोन आठवडे मी पत्रं वाचली आणि स्वच्छ अक्षरात त्यांची नक्कल केली. गव्हर्नरसाहेब हळूहळू माझ्या ओळखीचे झाले. न्यायाधीश असताना ते घोड्यावरून गावोगावची कोर्टं करत फिरत आणि खोगिराच्या पिशवीत कायद्याची पुस्तकं ओली होतात म्हणून कुरकुरत. एका मुलाला लढाईत गमावल्यावर त्यांनी जे पत्र लिहिलं त्यात मुलाबद्दल दोनच ओळी होत्या आणि बाकी सगळं घरामागच्या विहिरीबद्दल. आपल्या आईने ज्या शेंगा लावल्या होत्या त्यांचं बी पाठव, असं त्यांनी तीन पत्रांत मागितलं होतं.

ग्रंथात त्यांचं वर्णन करारी, कधी न डगमगणारे न्यायाधीश असं होतं. डब्यात मात्र एक वेगळं पत्र होतं. एका माणसाला त्यांनी फाशीची शिक्षा दिली होती आणि ती अमलात आली होती. त्यानंतर दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. हे बायकोलाही सांगितलं नाही, तुलाच लिहितो आहे, असं बहिणीला लिहिलं होतं. पुढे गव्हर्नर झाल्यावर दयेचे अर्ज त्यांच्याकडे यायला लागले. प्रत्येक अर्ज मी स्वतः शेवटपर्यंत वाचतो, दोनदा वाचतो, आणि ज्याला वाचवता येईल त्याला वाचवतो, पण त्या पहिल्या माणसाचं मला काही करता येत नाही, असं त्यांनी तिला कळवलं होतं. हे पत्र वाचून झाल्यावर योहानाबाईंनी ते माझ्या हातून घेतलं आणि वेगळं ठेवलं. बाहेर सई त्यांच्या बागेतल्या गोगलगायी डब्यात भरत होती.

पत्रं संपली. आता वंशावळ काढायची होती. हे माझ्या हातचं काम. वारसाच्या दाव्यात किती वंशावळी पाहिल्या त्याची गणती नाही. मोठा ड्रॉइंग पेपर आणला, पट्टी, शाई आणली आणि दोन दिवस खपून असा कागद तयार केला की कोणत्याही कोर्टाने एका नजरेत मान्य करावा. शनिवार होता. मधुराला सुट्टी असल्यामुळे बारीकसारीक सांगायला सोबत असावी म्हणून मी तिला घेऊन गेलो. टेबलावर कागद पसरला आणि जरा मागे सरून उभा राहिलो.

योहानाबाईंनी चष्मा लावला. अक्षराचं फार कौतुक केलं. मग बापाच्या चौकटीपासून बोट खाली आणलं, तीन मुलांवरून फिरवलं, पुन्हा वर नेलं. म्हणाल्या, आल्त्ये कुठे आहे? मी तत्परतेने दाखवलं. बापाच्या चौकटीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कन्या एक, विस्तार पुरवणीत पाहावा. आणि पुरवणी म्हणून वेगळा छोटा कागद केला होता, त्यावर आल्त्येपासून योहानाबाईंपर्यंत सगळं नीटस आलं होतं. त्यात चूक एकही नव्हती.

बाईंनी पुरवणी हातात घेतली, मोठ्या कागदाच्या कडेला ठेवून पाहिली, आणि शांतपणे म्हणाल्या, "ती सगळ्यांत मोठी होती. ती दाराबाहेर का उभी आहे?"

मी सांगायला लागलो की आमच्याकडे पद्धत अशी आहे. इंग्रजी पुरेना म्हणून मराठीत मधुराला सांगितलं, तू समजाव त्यांना. आणि मधुराने समजावलं. मुलीची नोंद एका ओळीत, विस्तार सासरी, मुलगा नसला की खाली रेघ, रेघ म्हणजे शाखा संपली. एकही शब्द तिने मऊ केला नाही, हे डच न येताही मला तिच्या सुरावरून कळत होतं. मी दिलेलं सगळं जसंच्या तसं डचमध्ये उतरवलं, आणि ते ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की आपण हे कोणाच्या तोंडून वदवून घेतो आहोत. दोन आठवडे ज्या बाईला आलेली पत्रं मी वाचत होतो, जिला गव्हर्नरसाहेबांनी बायकोला न सांगितलेलं सांगितलं, तिला मी माझ्या सुंदर अक्षरात पुरवणीत घातलं होतं. अमेरिकेतल्या ग्रंथकर्त्याला ती माहीतच नव्हती. मला माहीत होती.

बाईंनी मधुराला विचारलं, तुमच्या पुस्तकात तू कुठे आहेस? मधुरा इंग्रजीत म्हणाली, एका ओळीत. योहानाबाई माझ्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दुसऱ्यांदा कॉफी ओतली, आणि म्हणाल्या की कागद मागे कोरा आहे, उलटून घेता येईल. त्या वेळी त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घर शेजारीच, पण मधुरा घराकडे वळली नाही, कालव्याच्या कडेने चालायला लागली. मी तिच्यामागून गेलो. पुलाजवळ मी तिला म्हटलं की मला ते पान तुला दाखवायचं नव्हतं.

"बाबा, मी ते पहिल्याच आठवड्यात बघितलं," ती म्हणाली. "गठ्ठा डायनिंग टेबलवरच होता. मी सईची बर्थ डेट कुठे लिहिली आहे ते शोधत होते."

मी एवढंच म्हणालो, रेघ मी ओढली. ती म्हणाली, "माहीत आहे. तुमच्याइतकी सरळ रेघ कोणाला येते?" लहानपणी ती मला रुजुवातीला मदत करायची. नक्कल तयार झाली की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नक्कल ताडून पाहायची, त्याला रुजुवात म्हणतात. मी घरी काम आणलं की परकर-पोलक्यातली ही मुलगी पाय हलवत मूळ वाचायची आणि मी नकलेवर टिकल्या करायचो. शब्द अडला तरी चुकत नसे. ते मला त्या पुलावर आठवलं आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तशी ती आता माझ्याहून उंच झाली आहे.

घरी येऊन मी संडासात गेलो, दार लावलं आणि ते कॅलेंडर पहिल्या पानापासून वाचलं. माझे भाऊ, त्यांच्या सुना, चुलतभाऊ, समितीचे अध्यक्ष नानासाहेब, त्यांची नातवंडं, गेलेले माझे वडील आण्णा, सगळे होते. गेलेल्यांपुढे तिने लहान फूल काढलं होतं. आमच्या कुळातल्या एकाही माणसाला तिने पुरवणीत टाकलं नव्हतं. बाहेरून सई दार वाजवत होती तरी मला लवकर उठवेना.

ती दुपार मी योहानाबाईंचा कागद उलटून नव्याने काढण्यात घालवली. डावीकडे पहिली चौकट आल्त्येची, कारण ती थोरली. मग तिघे भाऊ. आल्त्येखाली तिची मुलगी, तिची मुलगी, आणि योहाना. संध्याकाळी स्वतःचा गठ्ठा उघडला. माझ्याच पानाची रेघ खोडून मोकळं होता आलं असतं, पण संपादकाने आपल्यापुरता नियम वाकवायचा म्हणजे खासा न्याय झाला. म्हणून नानासाहेबांना पत्र लिहिलं की सगळ्याच मुलींचा विस्तार द्यावा, ग्रंथ लांबला तरी चालेल. हिला वाचून दाखवलं. ती भाजणीचं थालीपीठ थापत होती, तशीच थापत राहिली. म्हणाली, "चार वर्षं उशीर केलात, आता पोस्टाला करू नका."

जूनमध्ये आम्ही त्या खेड्याला गेलो. योहानाबाई, मी, ही, मधुरा आणि सई. उत्रेख्तला गाडी बदलली, झ्वोलपर्यंत पुन्हा आगगाडी, पुढे बस. बसचं तिकीट म्हणजे कागदाची लांब पट्टी, घडी घालून ड्रायव्हरपुढे धरायची आणि तो ठसा मारतो. मी चुकीच्या ठिकाणी घडी घातली आणि आम्ही पाच जण असताना एकाचाच ठसा पडला. ड्रायव्हरने मान हलवून पट्टी परत मागितली आणि निमूटपणे नीट केली. वंशावळीची गुंडाळी बाईंनी सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. पूर्वेकडे जाऊ तसं पाणी कमी होत गेलं, झाडं वाढली, आणि विटांचं एक लहानसं चर्च दिसायला लागलं.

अमेरिकेतला पणतू उंच, वाकलेला, निवृत्त शिक्षक होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर पत्राने कळवण्याऐवजी योहानाबाईंनी ते हातोहात द्यायचं ठरवलं होतं. चर्चच्या शेजारच्या खोलीत त्यांनी कागद उलगडला आणि त्याने चौकटींवरून बोट फिरवलं. डावीकडच्या पहिल्या चौकटीवर ते थांबलं. मग बाईंनी मी केलेल्या नकला त्याला दिल्या आणि ते फाशीचं पत्र वर ठेवलं. तो उभ्या उभ्या वाचत होता, तो बसला. म्हणाला की आमच्या घरात सगळे सांगतात, पणजोबा कोर्टाबद्दल कधी चकार शब्द बोलत नसत. मला वाटायचं त्यांना बोलण्यासारखं काही वाटतच नसावं. मग तो योहानाबाईंना म्हणाला, "त्यांना बोलायला माणूस होतं. मी तिच्याशिवाय पुस्तक लिहिलं."

दगडावरचा कपडा त्याने योहानाबाईंना काढायला लावला. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं सईने. नंतर मनुकांचा पाव, लोणी आणि कॉफी. इकडची एक रीत मला फार आवडली. ज्याचा मान असेल त्याचंच नव्हे, तर त्याच्या सगळ्या आप्तांचंही अभिनंदन करतात. खोलीत सगळे गोल करून बसले होते आणि येणारा प्रत्येक जण क्रमाने हात मिळवत माझंही अभिनंदन करी. पहिल्या चार-पाच जणांना मी सांगितलं की मी या घराण्यातला नाही, शेजारी आहे. ते म्हणत, हो का, आणि तरीही अभिनंदन करत. मग मी नुसते आभार मानायला लागलो.

परतायच्या आदल्या दिवशी साडेदहाला मी योहानाबाईंकडे शेवटचा गेलो. त्यांनी मला एक कोरं वाढदिवसाचं कॅलेंडर दिलं. त्यात दोनच नावं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मी त्यांना नमस्कार केला. वाकून केला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं की ताकाचं ते सूप तुमच्या बायकोने मधुराला शिकवून ठेवलं आहे ना.

साताऱ्यात समितीची बैठक गाजली. नानासाहेबांचं म्हणणं, ग्रंथ दुप्पट होईल, लोक म्हातारे झाले, कोणासाठी हे सगळं. मी म्हटलं, नियम माझा होता, चूक माझी आहे, आणि ती सुधारायची नसेल तर संपादक म्हणून माझं नाव काढा. तास-दीड तास वाद झाला. शेवटी नानासाहेबांनी स्वतःच्या तिन्ही मुलींची नावं कागदावर लिहून माझ्याकडे सरकवली आणि चहा मागवला. पुढे वर्षभर मी मुलींना पत्रं लिहीत होतो. उत्तरं इतकी आली की टपालवाल्याने कारण विचारलं. काहींनी नुसती माहिती पाठवली, काहींनी सोबत चार-चार पानं लिहिली. त्या सगळ्यांचे मी इथे आभार मानतो. कॅलेंडर प्रथम मी बैठकीच्या खोलीत लावलं होतं. ही म्हणाली, जिथलं तिथे शोभतं. आता ते तिथेच आहे. पाहुणे बाहेर येतात आणि विचारतात, ही आल्त्ये कोण? मी त्यांना बसवून घेतो आणि सांगतो.

शेवटची मुद्रितं आली तेव्हा रविवारी मी लायडनला फोन लावला. माझ्या पानाची नवी हस्तलिखित प्रत मी मधुराकडे ठेवून आलो होतो. म्हटलं, रुजुवात करायची आहे, मूळ तू वाच. तिने गळा साफ केला आणि पूर्वीसारखीच सावकाश, स्वल्पविरामासकट वाचायला लागली. माझं नाव, हिचं नाव. कन्या मधुरा, संशोधक, वास्तव्य लायडन. पती निनाद. कन्या सई, जन्म लायडन.

वाचणाऱ्याने इथे थांबायचं असतं, समोरच्याने 'रुजू' म्हणेपर्यंत. ती थांबली. छापलेलं पान माझ्यासमोर होतं, पण अक्षरं एकमेकांत मिसळली होती. साता समुद्रांपलीकडे सई काहीतरी विचारत होती आणि मधुरा तिला गप्प करत होती.

"बाबा, रुजू?"

"रुजू," मी म्हटलं.

"आणि सईच्या खाली?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "रेघ नाही," मी म्हणालो. "जागा सोडली आहे."